चासी नंबरावरून गाडीची माहिती कशी काढायची

माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजला जायला जुनी स्कूटर घ्यायची होती. विकणारा ठामपणे सांगत होता, "मॅडम, २०१९ची गाडी आहे." मोबाईलवर त्याने आरसीचा फोटोही दाखवला, पण एकाच बाजूचा. नोंदणी मार्च २०१९ची होती, म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. पण हँडलखाली सांगाड्यावर पंच केलेला चासी नंबर, म्हणजे गाडीचा कारखान्यातला ओळख क्रमांक, वाचला तर दहावं अक्षर निघालं 'एच', म्हणजे २०१७. विकली जाण्याआधी गाडी वर्षभराहून जास्त नुसती उभी होती. मग त्याच हिशेबाने किंमत खाली आली. तेव्हापासून ओळखीतलं कुणीही जुनी गाडी बघायला निघालं की मी आधी चासी नंबर वाचायला शिकवते.

नंबर शोधा, आणि तो पत्र्यावरच वाचा

दुचाकीत हा नंबर बहुधा हँडल जिथे चासीला जोडलेलं असतं, त्या मानेवर पंच केलेला असतो. हँडल पूर्ण वळवून टॉर्च मारा. कारमध्ये बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर बघा किंवा पुढच्या सीटखालचं मॅटिंग उचलून बघा. दाराच्या खांबावर स्टिकर असतो आणि बऱ्याच गाड्यांत काचेच्या कोपऱ्यातही नंबर दिसतो. पण स्टिकर बदलता येतो, म्हणून पंच केलेला नंबरच खरा धरा.

नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तुम्हाला 'ओ' दिसला तर ते शून्य आहे. एका कागदावर १७ चौकोन आखून एकेक अक्षर उतरवा. पुढची सगळी मोजणी जागेवरून होते, एक घर चुकलं की सगळंच चुकतं.

पहिली तीन घरं : बनवणारा कोण

भारतात बनलेल्या गाडीचा नंबर 'एम'ने सुरू होतो. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमए१ महिंद्रा, एमएटी टाटा, एमएएल ह्युंदाई, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमबीएल हिरो, एमई३ रॉयल एनफील्ड, एमई४ होंडाच्या दुचाकी. सुरुवातीला जे असेल तर गाडी जपानची, डब्ल्यू असेल तर जर्मनीची, आणि १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिकेची.

चौथं ते नववं घर

मॉडेल, बॉडी, इंजिन यांचे कोड इथे असतात, पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. हे घरी बसून उलगडत बसू नका. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर द्या, ते नेमकं व्हेरिएंट सांगतात आणि गाडी तिथे येत असेल तर सर्व्हिसिंगच्या नोंदीही मिळू शकतात.

नवव्या घराबद्दल मात्र सांगायलाच हवं. अमेरिका आणि कॅनडात या जागी पडताळणीचा आकडा असतो. बाकीच्या घरांवरून तो गणिताने काढतात. भारतात तो सक्तीचा नाही. त्यामुळे अमेरिकी वेबसाइटवर आपला नंबर टाकला की ती सरळ 'चुकीचा नंबर' म्हणते आणि लोक घाबरतात. गाडी खोटी नसते, वेबसाइट तिकडच्या नियमाने मोजत असते. अमेरिकेत राहून तिथली जुनी गाडी घेणाऱ्यांनी मात्र हा इशारा गंभीरपणे घ्यावा.

दहावं घर : वर्ष

खरी गंमत इथे आहे. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे. मग ए २०१०, बी २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५, टी २०२६. आय, ओ, क्यू इथेही गाळलेली आहेत. चक्र ३० वर्षांनी फिरतं, म्हणून 'ए' १९८०चाही असू शकतो, पण ते गाडी बघून कळतंच.

आपल्याकडे हे बहुतेक बनवल्याचं वर्ष असतं. अमेरिकेत ते मॉडेलचं वर्ष असतं, म्हणून २०२३च्या शेवटी बनलेल्या गाडीवर तिथे २०२४चं 'आर' सापडू शकतं. बनवल्याचा महिनाही आपल्या बऱ्याच कंपन्या नंबरात घालतात, पण त्याचं घर कंपनीगणिक बदलतं. अंदाज करण्यापेक्षा आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघा. म्हणूनच आरसीच्या दोन्ही बाजू मागायच्या.

शेवटचे आकडे म्हणजे कारखान्यातला अनुक्रमांक. स्पेअर पार्ट मागवताना ते कामी येतात, कारण एकाच मॉडेलमध्ये मधूनच पार्ट बदललेला असतो.

आता जुळवणी

पत्र्यावरचा नंबर, आरसी आणि विम्याची पॉलिसी, तिन्ही ठिकाणी १७ घरं एकेक करून ताडून बघा. इंजिन नंबरही तसाच. मग गाडीचा नोंदणी क्रमांक सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाका. तिथे चासी नंबर अर्धवट झाकलेला दिसतो, पण जेवढा दिसतो तेवढा जुळला पाहिजे. बँकेचा बोजा उतरला आहे का, तेही तिथेच बघून घ्या.

नंतर पंचिंगवर बोट फिरवा. अक्षरं वरखाली, कमी-जास्त खोल, पत्रा घासलेला किंवा तेवढ्याच भागाला ताजा रंग दिसला तर थांबा. गंजामुळे नंबर पुसला तर आरटीओच्या परवानगीने पुन्हा पंच करता येतो, पण मग त्याचा कागद हवा. कागद नसेल तर गाडी कितीही आवडो, सोडून द्या.

व्यवहार ठरला की नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. गाडी नावावर करताना आरटीओच्या फॉर्मवर असाच ठसा लागतो. एक जास्तीचा स्वतःजवळ ठेवा, आणि त्याचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.