खळ्यावरचं मातेरं कोंबड्यांना घालण्याआधी

ज्वारीची मळणी उरकली, हरभरा खळ्यावर आला की पारव्यांचे थवे उतरू लागतात. दाणे टिपतात आणि तिथेच शिटतात. संध्याकाळी आपण खळं झाडतो, चांगलं धान्य पोत्यात भरतो आणि राहिलेलं मातेरं परड्यातल्या कोंबड्यांपुढे टाकतो. यंदा ही सवय मोडा, असं कळकळीनं सांगतो.

कारण आहे कबुतरांची मानमोडी हा रोग. त्याचा विषाणू कोंबड्यांना राणीखेत हा रोग करणाऱ्या विषाणूचाच भाऊबंद, कबुतरांत मुरलेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो मध्यपूर्वेत दिसला आणि १९८० च्या दशकात पाळीव कबुतरांमधून युरोपभर पसरला. १९८४ साली ब्रिटनमध्ये कोंबड्यांच्या २० हून अधिक कळपांत राणीखेत उद्भवला. माग काढत गेल्यावर बहुतेक धागे लिव्हरपूल बंदरातल्या गोदामांशी पोचले. तिथे साठवलेल्या कोंबडी-खाद्याच्या कच्च्या मालात आजारी कबुतरांची विष्ठा पडत होती. आपल्या खळ्यावर याहून वेगळं काय घडतं?

आजारी कबुतर ओळखायचं तर त्याला दाणे टिपताना बघा. चोच दाण्यावर न पडता शेजारी पडते. पुन्हा मारतं, पुन्हा चुकतं. समोर दाणे असून ते उपाशी राहतं. पुढे मान थरथरते, पिळवटते, डोकं उलटं होतं. खाली पाण्याचं थारोळं आणि त्यात हिरवट विष्ठा दिसते. ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसू नका. साल्मोनेला या जिवाणूच्या आजारातही मान वाकडी होते, त्यामुळे निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

या विषाणूवर औषध नाही. पण खोलगट भांड्यात भरपूर दाणे ठेवले, गरजेला हातानं भरवलं, पाणी हाताशी दिलं, तर बरीच कबुतरं काही आठवड्यांत सावरतात. सावरलेलं कबुतर लगेच थव्यात सोडू नका. वरून धडधाकट दिसलं तरी त्याच्या विष्ठेतून विषाणू पडत राहतो. सहा आठवडे वेगळं ठेवा. बाजारातून आणलेली नवी जोडीही महिनाभर वेगळीच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या विषाणूची सगळी कुंडली आरएनए या जनुकीय रेणूच्या सुमारे १५ हजार अक्षरांत मावते आणि तिची नक्कल होताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, एखादी मात्र विषाणूच्या पथ्यावर पडते. कबुतरातून नुकताच आलेला विषाणू कोंबडीत बऱ्याचदा सौम्य असतो: थोडी सुस्ती, अंडी कमी, एवढंच. प्रयोगशाळेत तोच विषाणू एका कोंबडीतून दुसरीत असा वारंवार फिरवला, तेव्हा तो जास्त घातक होत गेला. म्हणून ‘दोनच कोंबड्या मलूल आहेत, होतील बऱ्या’ असं म्हणून थांबू नका. त्या दोन त्याच दिवशी वेगळ्या करा.

मातेरं द्यायचंच असेल तर कडकडीत उकळून, शिजवून द्या. नुसतं ऊन दाखवून भागत नाही, विष्ठेच्या खपलीआड विषाणू तग धरतो. खळ्यावरची रास ताडपत्रीनं झाका, खुराड्याला बारीक जाळी लावा, पाण्याचं भांडं आडोशाला ठेवा. खुराडं आधी खरवडून धुवा, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा. घाणीवरच मारलं तर ते वाया जातं.

कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा किंवा एफ-१ लस, पुढचे डोस दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे. राणीखेतचीच आर-टू-बी ही लस लहान पिल्लांना देऊ नका. लस बर्फातूनच आणा. पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, त्यात लस मरते. कबुतरांसाठी मानेच्या कातडीखाली टोचायची मृत विषाणूची लस असते, ती फक्त निरोगी पक्ष्यांना.

एकाएकी मर लागली तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, विकू नका, दवाखान्यात कळवा. तो बर्ड फ्लूही असू शकतो. आणि खुराडं साफ करताना नाकातोंडाला फडकं बांधा, हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नका. या विषाणूनं माणसाचेही डोळे येतात.