विद्यापीठाच्या संग्रहालयातील ज्यू वस्तू कशा पाहाव्यात

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘मॅग्नेस’ या ज्यू कला आणि जीवनविषयक संग्रहाची सुरुवात १९६२ साली एका स्वतंत्र संग्रहालयाच्या रूपाने झाली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे पहिले कुलपती जूडा मॅग्नेस यांचे नाव त्याला देण्यात आले. २०१० मध्ये तो विद्यापीठाकडे आला आणि २०१२ मध्ये नव्या जागेत लोकांसाठी खुला झाला. केरळच्या ज्यूंविषयीची त्यातील सामग्री जगातील मोठ्या संग्रहांपैकी एक मानली जाते. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तेथे जाणाऱ्या मराठी माणसाने तेथे एक दुपार तरी काढावी.

जाण्यापूर्वी प्रदर्शनाचे वेळापत्रक पाहावे, कारण विद्यापीठाची संग्रहालये बहुधा शैक्षणिक सत्राप्रमाणे चालतात आणि सुट्ट्यांत बंद असतात. मांडणीत दिसतो तो संग्रहाचा लहानसा भाग असतो. एखादी विशिष्ट वस्तू पाहायची असेल, तर सूचीतील नोंद क्रमांक टिपून घेऊन अभ्यासक म्हणून आधी विनंती करावी. सूचीत शोधताना मुंबई आणि कोची ही आजची नावे पुरेशी पडत नाहीत. बॉम्बे, कोचीन, पूना अशी जुनी नावेही वापरून पाहावीत.

दालनात शिरल्यावर सर्वांत आधी केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, शोधावा. तो वधूच्या हक्काचा दस्तऐवज असतो. पती पत्नीला काय देणे लागतो हे त्यात अरामी भाषेत लिहिलेले असते आणि खाली साक्षीदारांच्या सह्या असतात. भोवतीच्या फुलापानांच्या नक्षीवर नजर खिळते हे स्वाभाविक आहे, पण मजकुराची सुरुवात वार, तिथी, महिना, वर्ष आणि गाव यांनी होते आणि वस्तूचा खरा पत्ता तेथेच सापडतो. मजकूर छापील असून फक्त नावे व तारीख शाईने भरलेली असली, तर तो करारनामा छापखान्यातून आलेला नमुना आहे हे ओळखावे.

वर्ष वाचणे वाटते तितके अवघड नाही. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते आणि हजाराचा आकडा पुष्कळदा गाळलेला असतो. ताव म्हणजे ४००, रेश २००, लामेद ३० आणि दालेत ४, बेरीज ६३४. त्यात १२४० मिळवले की १८७४ हे इसवी सन मिळते. ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्यामुळे तिश्री, हेश्वान, किस्लेव या सुरुवातीच्या महिन्यांसाठी मात्र एक वर्ष वजा करावे. त्याच १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकुराची एक हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. ज्यू कला ही युरोपचीच असते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत.

तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या, गुंडाळीपाशी थोडे थांबावे. युरोपातील बहुसंख्य ज्यू तिला कापडी आच्छादन घालतात आणि उतरत्या मेजावर पसरून वाचतात. कोचीच्या आणि बगदादी ज्यूंकडे ती ‘तिक’ नावाच्या कठीण पेटीत असते आणि पेटी उभी ठेवून, उघडून वाचली जाते. वस्तू कोणत्या समाजाची, याचा अंदाज एवढ्यावरूनही बांधता येतो. शेजारीच ‘याद’ ठेवलेली दिसेल: हातभर नाही, वीतभर लांबीची दांडी आणि टोकाला तर्जनी पुढे केलेला इवलासा हात. गुंडाळीच्या चर्मपत्राला उघड्या बोटाने स्पर्श करायचा नसतो, म्हणून वाचणारा ओळ या चांदीच्या बोटाने दाखवतो. ते बोट झिजलेले असेल, तर ती याद वापरातली आहे.

कोकणातून आलेल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, वस्तू दिसल्या, तर पाटीवरील आडनावे पाहावीत. पेणकर, दिवेकर यांसारखी आडनावे रायगड जिल्ह्यातील गावांची ओळख सांगतात. पोहे, गूळ, नारळ आणि फळे घालून केलेला मलिदा एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ ठेवतात, हे ठाऊक असलेला मराठी पाहुणा त्या विधीचे साधे ताटही चटकन ओळखतो. अशी वस्तू आपल्या घरी असेल आणि ती संग्रहालयाला द्यावीशी वाटत असेल, तर ती कोणाची, कोणत्या गावची आणि कोणत्या सणाला बाहेर निघत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून आधी लिहून घ्यावे.