गुंता, गुंतागुंत की तिढा? या चुका टाळा

परवा घरच्या जमिनीच्या वाटणीचा अर्ज मराठीत टाइप करत होतो आणि ठोकून दिलं, 'सदर प्रकरण फार गुंतागुंत आहे'. काका बाजूलाच बसलेले, म्हणाले, "अरे बाबा, प्रकरण गुंतागुंत कसं असेल, गुंतागुंतीचं असेल ना!"

तर पहिली चूक हीच. गुंतागुंत हे नाम, तेही स्त्रीलिंगी. विशेषण हवं तर गुंतागुंतीचा, गुंतागुंतीची, गुंतागुंतीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कोणीतरी 'खूप गुंतागुंत विषय' लिहितंच, आणि वर 'गुंतागूंत' असा दीर्घ ऊ काढतं तो वेगळाच.

दुसरी चूक म्हणजे गुंता, गुंतागुंत, तिढा सगळं एकच समजायचं. गुंता डोळ्यांना दिसतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की रापणकार वाळूत बसून ते सोडवतात ना, तो गुंता, बोटांनी सुटतो. केसांचा, लोकरीचा पण तसाच.

गुंतागुंत म्हणजे एकात एक अडकलेल्या पुष्कळ गोष्टी. आमचंच बघा, आम्ही गोव्याचे, इथे पोर्तुगीज सिव्हिल कोड म्हणजे नागरी कायदा, मूळ 1867चा, त्याच्या हिशोबाने नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामायिक, म्हणून जमीन विकायची तर दोघांची संमती हवी, वारसांत मुलगे आले तशा मुली पण आल्या, त्यातले दोघं मुंबईला, एक आत्या लिस्बनला, आणि जमिनीच्या नोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव!

आणि तिढा? तो एकाच जागी पडतो, दोरीला पडलेल्या पिळासारखा, दोन्हीकडून ओढलं की आणखी घट्ट. आमच्याकडे बाकी सगळ्यांचं जमलंय, फक्त विहीर कोणाच्या वाट्याला जाणार यावर दोन भाऊ अडून बसलेत. हा तिढा. तो पडतो, सुटतो, 'तिढा झाला' म्हणू नका.

अडलात तर क्रियापद लावून बघा. गुंता सुटतो, तिढा सुटतो, गुंतागुंत मात्र वाढते नाहीतर कमी होते, 'गुंतागुंत सुटली' मला तरी खटकतं. बाळंतपणात गुंतागुंत होते, तिथे गुंता लिहिलात तर डॉक्टर हसेल.

बाकीचे पटकन: काम किचकट, भाषा क्लिष्ट, प्रश्न जटिल. चोर्ला घाटाला मात्र यातलं काही लावू नका, तो नागमोडी, वळणावळणाचा. रस्ता एकच आहे हो, गुंतणार कशात?

अर्ज दुरुस्त करून दिला. विहिरीचं अजून तसंच आहे.