परसात फालसा लावा, आणि दर पौषात न घाबरता छाटा

रासबेरीची रोपं आता घरपोच मिळतात आणि लालचुटूक फळांचे फोटो पाहून ती मागवावीशीही वाटतात. पण उन्हाळ्यात फळणाऱ्या रासबेरीला हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते. बहुतेक वाणांना ८०० तासांहून जास्त. विदर्भात डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री साधारण १० ते १३ अंशांच्या असतात, थंडीची लाट आली तरच त्याखाली जातात. त्यामुळे झाडाची झोप पुरी होत नाही, डोळे नीट फुटत नाहीत. कसंबसं फुटलंच तर मे महिन्यातला ४५-४६ अंशांचा पारा त्याला जाळून टाकतो. चिखलदऱ्याला स्ट्रॉबेरी होते म्हणून खाली परतवाड्याला रासबेरी होईल, असं नाही.

उन्हाळ्यातच पिकणारं, आंबटगोड, ओंजळभर तोडून तिथेच तोंडात टाकावं असं बेरीचं फळ हवं असेल, तर ते आपल्या हवेत आधीपासून आहे: फालसा. आपल्या जंगलातल्या धामणाचं हे जवळचं भावंड. याला ऊन चालतं, कोरडी हवा चालते, हलकी जमीनही चालते. दोन गोष्टी मात्र चालत नाहीत. एक, मुळाशी साचलेलं पाणी. दुसरी, मालकाचा भित्रेपणा. फालशाचं फळ नव्या फुटीवरच येतं. छाटलं नाही तर झाड दहा-बारा फूट वर जातं, फळ शेंड्याला बारीक-बारीक लागतं आणि बुलबुल-पोपटांच्या वाट्याला जातं. रासबेरीची माहिती वाचलेली माणसं इथेच फसतात. उन्हाळी रासबेरी मागच्या वर्षीच्या काड्यांवर फळते म्हणून त्या राखून ठेवायच्या असतात. फालशाला नेमकं उलटं करायचं.

जागा आणि खड्डा

दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडा. निंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत फालसा पाल्याने डवरतो, फळ देत नाही. घराच्या पश्चिमेला मोकळी बाजू असेल तर ती उत्तम, तिथलं कडक ऊन इतर झाडांना नको असतं, याला चालतं. दोन झाडांत ८ फुटांचं अंतर ठेवा. भिंतीपासून ५ फूट तरी सोडा, नाहीतर तोडणीच्या वेळी मागच्या बाजूला हात पोचत नाही. चार माणसांच्या घराला दोन-तीन झाडं पुष्कळ झाली.

मुरमाड किंवा मध्यम जमीन असेल तर मे महिन्यात २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा घ्या आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. वरच्या थरातली माती, १५ किलो कुजलेलं शेणखत म्हणजे साधारण दोन घमेली, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड एकत्र करून खड्डा भरा. पेंड वाळवीसाठी आहे, ती वगळू नका. शेणखत कच्चं असेल तर वाळवी आपण होऊन बोलावल्यासारखं होतं.

भारी काळ्या जमिनीत मात्र खोल खड्डा खणूच नका. श्रावणात त्यात पाणी भरतं आणि आजूबाजूची चिकण माती ते बाहेर जाऊ देत नाही, मुळं आठवडाभरात सडतात. खड्ड्यात वाळू भरूनही हा दोष जात नाही, उलट सगळं पाणी त्या वाळूतच येऊन थांबतं. अशा जागी ४ फूट रुंद आणि १ फूट उंच मातीचा ओटा करा, तेच शेणखत आणि पेंड त्यात मिसळा, रोप ओट्यावर लावा आणि ओट्याच्या कडेने पाणी निघून जाईल असा चर काढून द्या. खारपाणपट्ट्यातल्या गावांत बोअरचं पाणी खारं असतं, तिथेही ओटाच बरा. पावसाच्या पाण्याने त्यातले क्षार खाली धुऊन जातात.

लावणी मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, आली की करा. रोप एक वर्षाचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं असावं. पिशवी फाडताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका, आणि पिशवीत रोप जितकं मातीत होतं तितकंच जमिनीत ठेवा, त्याहून खोल नको. खोड मातीत गाडलं गेलं की बुंधा कुजतो. बाजूला तुराटीची काडी रोवून सैल बांधा. बकऱ्यांना फालशाचा पाला फार आवडतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी पऱ्हाट्यांचं किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. वावरात लावत असाल तर रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, ते आणखी उंच लागेल.

छाटणी

पहिल्या हिवाळ्यात रोप तीन-चार फूट झालेलं असेल. डिसेंबरअखेर ते जमिनीपासून एक फुटावर कापा. नुकतं लागलेलं झाड असं कापवत नाही, पण याच कापामुळे बुंध्यापासून चार-पाच फाटे निघतात आणि झुडूप तयार होतं. हा काप चुकला तर एकच सोट वर जातो आणि पुढे कितीही छाटलं तरी खालून भरत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यापासून दरवर्षी एकच मोठी छाटणी. संत्र्याच्या आंबिया बहाराला जसा ताण देतात, तसा इथेही द्यावा लागतो. नोव्हेंबरअखेर पाणी बंद करा. आपल्याकडे थंडी बेताची, त्यामुळे पाणी चालू राहिलं तर फालसा पान टाकतच नाही, अर्धवट हिरवा राहतो. महिनाभरात पानं पिवळी पडून गळू लागतात. सगळी गळायची वाट पाहू नका. निम्मी गळली की डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा दुसरा आठवडा या काळात छाटा.

किती छाटायचं? बुटका, पसरणारा फालसा दीड ते दोन फुटांवर. उंच वाढणारा तीन फुटांवर. त्याच्या वरचं सगळं काढायचं, काहीही राखायचं नाही. त्याआधी आतला भाग मोकळा करा: वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि करंगळीहून बारीक फांद्या बुंध्यापासून काढा. शेवटी बाहेरच्या बाजूला झुकलेले आठ-दहा जाड फाटे उरावेत. काप डोळ्याच्या बोटभर वर आणि तिरका घ्या, म्हणजे दव-पाणी कापावर थांबत नाही. सिकेटरला धार हवी. इळ्याने किंवा कुऱ्हाडीने घाव घातले तर साल चिरते, फाटा टोकाकडून वाळत खाली येतो आणि त्या चिरेत साल खाणारी अळी शिरते. फालशाची साल लांब धाग्यांची आहे, बोथट हत्याराने ती तुटत नाही, सोलत जाते. म्हणून अंगठ्याहून जाड फाट्याला करवतच लावा, आणि आधी खालच्या बाजूने थोडा काप देऊन मग वरून कापा.

जाड कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. घरापुरतं प्रमाण असं: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. लोखंडी बादली वापरू नका. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा.

छाटलेल्या फोका सरळ आणि चिवट असतात. वालाच्या, काकडीच्या वेलांना आधार म्हणून वर्षभर चालतात.

छाटणी उशिरा झाली तर काय होतं, याचा हिशोब करून पाहा. छाटल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं येतात आणि फुलापासून फळ पिकायला पुढे दीड महिना लागतो. जानेवारीच्या सुरुवातीला छाटलं की मार्चमध्ये फुलं, एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत फळं. फेब्रुवारीच्या मध्यावर छाटलं तर तोडणी थेट पावसाच्या तोंडावर येते आणि पिकलेलं फळ झाडावरच बुरशीने जातं.

खत आणि पाणी

छाटणी झाली की बुंध्यापासून दीड फूट अंतरावर आळं खणा. तीन वर्षांपुढच्या झाडाला १० ते १५ किलो शेणखत, १०० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्या, माती ओढा आणि भरपूर पाणी सोडा. आणखी १०० ग्रॅम युरिया मार्चअखेर, फळं ज्वारीच्या दाण्याएवढी झाली की. पहिल्या वर्षी याचा एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश. युरियाचा हात सैल सोडू नका. पाला काळाभोर आणि फुलं तुरळक दिसली, तर बहुतेक वेळा कारण तेच असतं.

दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक फाट्यावर फुटींचा गुच्छ येतो. त्या वीतभर झाल्या की बाहेर जाणाऱ्या तीन-चार जोमदार ठेवा आणि बाकीच्या हाताने मोडा. कोवळ्या असतात, सहज निघतात. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण फळाचा आकार इथेच ठरतो.

फेब्रुवारीत दहा-बारा दिवसांनी झाडामागे २५ ते ३० लिटर पाणी पुरतं. मार्चमध्ये आठवड्याला एकदा. एप्रिल-मेमध्ये हलक्या जमिनीत तीन-चार दिवसांनी, भारी जमिनीत सहा-सात दिवसांनी ४० ते ५० लिटर. ठिबक असेल तर तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर बुंध्यापासून दीड फुटावर दोन बाजूंना ठेवा आणि एप्रिलपासून एक दिवसाआड तीन तास चालवा. पाण्यात खंड पडला की आधी फळाची वाढ थांबते, मग ते हिरवंच गळतं. फालसा दुष्काळात जगतो हे खरं, पण तहानलेला फालसा जगतो तेवढाच, फळ पोसत नाही.

काळ्या मातीला मार्चनंतर भेगा पडतात आणि वरची मुळं तुटतात. आळ्यात सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसरा. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, कारण कुटार खोडाला चिकटलं की वाळवी त्याच्या आडोशाने सालीत शिरते. खोडावर मातीचे पापुद्रे दिसले तर खरवडून काढा आणि बुंध्याला गेरू-चुना लावा.

फुलं, फळं, तोडणी

पानांच्या बेचक्यात लहान पिवळी फुलं झुपक्यांनी येतात आणि मधमाश्या त्यांवर सकाळपासून असतात. फुलोऱ्यात कुठलीही फवारणी नको. त्याआधी कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढे शेंडे काढून टाका आणि ५ टक्के निंबोळी अर्क मारा: ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर पाणी होईल इतकं भरायचं, त्यात चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं.

फळ हिरव्याचं लाल होतं, तेव्हा ते पिकल्यासारखं दिसतं पण दात आंबवणारं असतं. लालाचं जांभळं आणि जांभळ्याचं जवळजवळ काळं झालं, हाताला मऊ लागलं आणि बोट लावताच देठापासून सुटलं, की ते फळ तयार. ओढावं लागलं तर दोन दिवस राहू द्या. एका झुपक्यात एक फळ काळं, एक लाल, दोन हिरवी असं असतं, त्यामुळे झुपका तोडायचा नाही, एकेक वेचायचं. महिनाभर, एक दिवसाआड, सकाळी आठच्या आत. ऊन चढल्यावर तोडलेलं फळ दुपारपर्यंत पाणी सोडतं. पाटीत तीन बोटांपेक्षा जाड थर करू नका, खालची फळं दबतात. खायच्या वेळेपर्यंत धुऊ नका. बाहेर ते एक दिवस टिकतं, फ्रिजमध्ये दोन-तीन. बाजारात फालसा क्वचित दिसतो तो यामुळेच. चांगलं जमलेलं झाड मोसमात ३ ते ५ किलो फळ देतं.

पहिली फळं लाल होताच झाडावर जाळं टाका. झाड कंबरेएवढं छाटलेलं असलं तर चार बांबू रोवून हे काम अर्ध्या तासात होतं. जाळं फांद्यांना टेकू देऊ नका, पाखरं बाहेरून चोच घालतात. पानांना टेकलेल्या सैल जाळ्यात सापही अडकतात, म्हणून खालची कड ताणून बांधा.

एकदम जास्त फळं निघाली तर सरबत. पाव किलो फळं एक लिटर पाण्यात हाताने कुस्करा, गाळून घ्या, १५० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा काळं मीठ. मिक्सर नको, बी फुटली की रस तुरट होतो.

पावसाळा आणि नवी रोपं

फळं संपली की जूनमध्ये पुन्हा कात्री लावायचा मोह होतो. वाळलेलं तेवढंच काढा. पावसाळ्यातली पालवी झाडाचा साठा भरते आणि पुढच्या जानेवारीतली फूट त्यावरच उभी राहते. या काळात दोनच गोष्टी बघायच्या: आळं मोडून पाणी वाहू द्यायचं, आणि पानांवर तपकिरी ठिपके वाढले तर १ टक्का बोर्डो मिश्रण उघडीप पाहून फवारायचं.

बी मे महिन्यात पूर्ण पिकलेल्या फळातून काढा, राखेने चोळून गर धुवा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. ते त्याच पावसाळ्यात पेरा, फालशाचं बी काही महिन्यांतच मरतं. पिशवीत अर्धा इंच खोल टाकलं की दोन-तीन आठवड्यांत उगवतं. बियांची रोपं आईसारखीच निघतील असं नाही, म्हणून फळ मोठं आणि झाड बुटकं अशा झाडाचंच बी घ्या. तेच झाड हुबेहूब हवं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढ्या फांदीवर गुटी बांधा: इंचभर साल गोल काढा, ओलं मॉस लावून प्लास्टिकने घट्ट गुंडाळा. प्लास्टिकमधून पांढरी मुळं तपकिरी पडू लागलेली दिसली की फांदी गुटीच्या खाली कापून पिशवीत लावा आणि पहिला महिना सावलीत ठेवा.