डोळ्यांत अँटिबायोटिक थेंब घालताना

डोळे आले की घरातली जुनी बाटली शोधू नका. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आलेली डोळ्यांची साथ मुख्यतः विषाणूंची होती. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पिवळट-हिरवा चिकट पू येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर संसर्ग बहुधा जिवाणूंचा, पण तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर दुखणं वाढू शकतं.

आधी साबणाने हात धुवा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पू पुसा. मान मागे, खालची पापणी ओढून तयार होणाऱ्या खोबणीत एकच थेंब. दुसरा गालावरच ओघळतो, उगाच औषध वाया! बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरून कडू लागत नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. मलम सगळ्यात शेवटी.

दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. तोवर लेन्स बंद, टॉवेल वेगळा. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. महिन्याभराने बाटली टाकून द्या. नजर धूसर झाली, उजेड सहन होईना किंवा डोळा ठणकू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.