बाळकृष्णाचा अभिषेक झाल्यावर

लग्नात माहेराहून आलेला पितळी रांगता बाळकृष्ण बऱ्याच घरी असतो. जन्माष्टमीला पंचामृताचा अभिषेक झाला की त्याला लगेच कोमट पाण्याने न्हाऊ घाला. दही-मध गुडघ्यांच्या बेचक्यात आणि लोण्याच्या गोळ्यापाशी अडकतं, दह्याच्या आंबटपणाने तिथे हिरवट डाग धरतो. धरलाच, तर चिंचेचा कोळ लावून मऊ ब्रशने हलकेच चोळा. राखेने जोरात घासू नका, नाजूक डोळे-नाक झिजतं. मऊ पंच्याने पूर्ण कोरडा करून मगच अंगडं-टोपडं घालून पाळण्यात ठेवा. आणि तीर्थाचं पंचामृत तांब्याच्या ताम्हनात राहू देऊ नका; दह्यात तांबं उतरतं. ते चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढा, लहान मुलंही घेतात ना!