पंख्याजवळ नको, बाथरूममध्ये नको: घरातला अलार्म नेमका कुठे लावायचा

२०१९ च्या डिसेंबरात माझी पुतणी सकाळी आंघोळीला गेली ती वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. वहिनींनी दार वाजवलं, हाका मारल्या. आतून फक्त पाण्याचा आवाज. दादाने कडी तोडली तेव्हा ती फरशीवर पडलेली होती आणि भिंतीवरचा गॅस गिझर चालूच होता. बाहेर आणून खिडक्या उघडल्यावर थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, उलटी केली, डोकं ठणकतंय म्हणाली. परीक्षेचं जागरण, पोट रिकामं, पित्त झालं असेल, असंच घरात सगळ्यांना वाटलं. दादाने मला फोन केला तो गिझर बिघडलाय का ते बघायला. मी आधी तिला दवाखान्यात न्यायला लावलं. तिथे ऑक्सिजन दिला, ती बरी झाली.

संध्याकाळी दादाने विचारलं, "तू ओट्याखाली गॅसचा अलार्म लावून दिलायस ना? मग तो वाजला का नाही?"

तो वाजणारच नव्हता. तो डबा गळणारा, न जळलेला गॅस ओळखतो. पोरीला भोवला तो गॅस जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड. ही दोन वेगळी संकटं आहेत, हे डबा लावताना मी दादाला सांगितलं नव्हतं. पुण्यात तीस वर्षं वायरिंगची कामं करणाऱ्या माणसाने ते सांगायला हवं होतं. आता कुणी अलार्म लावायला बोलावलं की ड्रिल पिशवीतून काढायच्या आधी मी घरातल्या सगळ्यांना बसवून हे बोलून घेतो. तेच इथे लिहितो आहे.

घरात लागणारे अलार्म तीन. धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा म्हणजे सीओचा, आणि गॅसगळतीचा. धूर आणि सीओ दोन्ही ओळखणारे जोडडबे मिळतात, पण डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. धुराच्या अलार्मवर यूएल २१७ किंवा ईएन १४६०४, सीओच्या अलार्मवर यूएल २०३४ किंवा ईएन ५०२९१ असा मानकाचा क्रमांक बघा. तोही नाही आणि बनवल्याची तारीखही नाही, असा डबा मी कुणाच्या घरात लावत नाही, गिऱ्हाइकाने आणून हातात दिला तरी.

आणखी एक चूक वारंवार दिसते. लोक विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन "स्मोक डिटेक्टर द्या" म्हणतात आणि इमारतींच्या फायर पॅनेलला, म्हणजे आगीच्या अलार्मच्या मध्यवर्ती पेटीला, जोडायचा डिटेक्टर घेऊन येतात. त्याला स्वतःचा भोंगा नसतो. मागे पॅनेल नसेल तर ती छताला चिकटवलेली नुसती वाटी आहे. घरासाठी बॅटरी आणि भोंगा आतच असलेला अलार्म मागा. नव्या सोसायटीत बिल्डरने डिटेक्टर बसवून दिले असतील तर खुर्चीवर चढून एकदा बघा. काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची टोपी असते. ताबा मिळून दोन दोन वर्षं झाली तरी ती टोपी तशीच राहिलेली मी वाकड-हिंजवडीकडे कितीतरी घरांत काढली आहे.

सीओबद्दल जरा सविस्तर

या वायूला रंग नाही, वास नाही, घशात खवखव नाही. जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातापायांतली ताकद जाणं, ही त्याची लक्षणं. आपल्याकडे त्याला सरळ पित्त म्हणतात. ताप नाही आणि घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी पित्त झालं, किंवा घराबाहेर पडलं की बरं वाटतं, तर शंका घ्या.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि तो ९८ दाखवतो. तो आकडा बघून घरी थांबू नका. डॉक्टरांना "बंद जागेत गॅस गिझर चालू होता" किंवा "खोलीत कोळसा होता" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्तातला सीओ तपासतील.

आमचं लहानपण कसब्यातल्या वाड्यात गेलं. मोरीत तांब्याचा बंब, त्यात ढलप्या. धूर डोळ्यांत जायचा, पण कौलांच्या फटींतून, दाराखालून हवा खेळती असायची. आताच्या फ्लॅटचं बाथरूम चार बाय सहा फूट, खिडकीला काच, थंडीत तीही बंद. त्यात गिझरची ज्योत पेटली की ती माणसाच्याच वाटणीची हवा खाते.

म्हणून माझं ठाम मत: बाथरूममधल्या गॅस गिझरवर सीओ अलार्म हा उपाय नाही. एक तर वाफेमुळे तो तिथे लावता येत नाही. दारासमोर पॅसेजमध्ये लावला, तर बंद दाराआडची हवा त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत आतला माणूस पडलेला असतो. शिवाय हा अलार्म मुद्दामच वेळ घेऊन वाजतो. यूएल २०३४ प्रमाणे दहा लाख भागांत ७० भाग सीओ असेल तर १ ते ४ तासांत, १५० भाग असेल तर १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. इवल्याशा बाथरूममध्ये तेवढा अवकाश मिळेलच असं नाही. गिझर बाहेर काढा, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या बाजूला, आणि गरम पाणी पाइपने आत घ्या. दादाकडे आम्ही त्याच आठवड्यात ते केलं. जमत नसेल तर विजेचा गिझर घ्या. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेर हवा फेकायची तर आत हवा यायला दाराला जाळी किंवा उघडी खिडकी लागते. ज्योत पिवळी दिसली, गिझरवर काजळी धरली, तर तो लगेच बंद करा. पण निळी ज्योत म्हणजे धोका नाही, असंही नाही.

मग सीओ अलार्म कुणाला हवा? ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद करून घेतली असेल तर, कारण गिझरची हवा तिथून स्वयंपाकघरात येते. खालच्या पार्किंगमध्ये जनरेटर किंवा इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री असेल तर पहिल्या मजल्यावरच्यांना. आणि ज्या घरात बाळंतीण आहे तिथे तर नक्कीच. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावायच्या आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-बाळंतशोपांची धुरी, हे पेठांमध्ये आजही चालतं. निखाऱ्यांचा धूर थांबला की लोकांना वाटतं आता काही भीती नाही. निखारा धूर न करताही सीओ सोडत असतो, राखेने झाकला तरी सोडतो. आजीचा मान राखून सांगतो, शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर गरम केलेल्या फडक्याने द्या. अलार्म आहे म्हणून शेगडी आत आणायची नाही.

सीओ साधारण हवेइतकाच हलका-जड असल्याने खोलीभर मिसळतो. त्यामुळे हा डबा झोपण्याच्या खोलीत उशाच्या उंचीला किंवा खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये चालतो. गिझर-शेगडीपासून किमान एक मीटर लांब, आणि पडद्यामागे किंवा कपाटात नको.

धुराचा अलार्म आणि आपला पंखा

धूर वर चढतो म्हणून हा छताला लावायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण डब्यासोबतच्या पुस्तिकेत छताचा मध्य सांगितलेला असतो आणि आपल्याकडे तिथे पंखा असतो. पंख्याच्या वाऱ्याने धूर डब्यापाशी टिकतच नाही. पात्याच्या टोकापासून किमान तीन फूट लांब हवा, असा नियम आहे. आता हिशोब करा. नेहमीचा पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून टोक दोन फुटांवर. त्यात तीन फूट मिळवले की पाच झाले. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये मध्यापासून भिंतच पाच फुटांवर येते! म्हणून अशा खोलीत मी तो दारावरच्या भिंतीवर, छताच्या खाली १५ ते ३० सेंटीमीटरवर लावतो. अगदी कोपऱ्यात नाही, तिथे हवा अडून राहते. एसीच्या झोतातही नाही. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर योग्य अँकर वापरा. दुहेरी चिकटपट्टीवर लावलेले डबे एप्रिलच्या उन्हाळ्यात खाली येतात.

एकच अलार्म परवडत असेल तर तो बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये. तिथे सहसा पंखा नसतो आणि आवाज खोल्यांत पोचतो. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी घरात चार्ज करत असाल तर त्या जागेजवळही एक लावा, आणि ती जागा मुख्य दाराजवळ ठेवू नका. बाहेर पडायची वाट तीच असते.

घेताना प्रकाशकिरणावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, घ्या. गादी, कापूस, वायर असं धुमसत जळणारं तो लवकर पकडतो आणि फोडणीला कमी चिडतो. तरी स्वयंपाकघरात तो नकोच. शेगडीपासून तीन मीटर लांब. मिरच्या भाजल्या, पापड जाळावर धरला की तो वाजणार, मग घरातले बॅटरी काढून ठेवणार आणि परत घालायची राहणार. स्वयंपाकघरासाठी हीट अलार्म मिळतो. तो धुराकडे बघतच नाही, साधारण ५७ अंशांना वाजतो. देवघरासमोरही नको, गणपतीचे दहा दिवस धूप-उदबत्तीने तो दमून जाईल. चुकून वाजलाच तर बऱ्याच डब्यांवर काही मिनिटं गप्प करायचं बटण असतं, ते दाबा. बॅटरीला हात लावायचा नाही.

गॅसगळतीच्या डब्याची जागा गॅसवर ठरते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीवर साचतो, म्हणून डबा जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपने येणारा गॅस हलका, म्हणून छताखाली फूटभर. कोथरूड, औंध, सगळीकडे सिलिंडर गेले, पाइपलाइन आली, पण डबा ओट्याखालीच राहिला, असं मला दिसतं. तो वर हलवा आणि दोन्ही गॅस ओळखणारा आहे ना, ते वाचून घ्या.

तपासणी

महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबायचं. आमच्याकडे आई संकष्टी करते, तो दिवस ठरलेला. चंद्रोदयाची वेळ बघितली की बटण. बटणाने भोंगा आणि बॅटरी तपासली जाते. बाकी नजरेनेच बघायचं: कोळ्याचं जाळं, पालीची घाण, शेजारच्या बांधकामाची धूळ. व्हॅक्यूम क्लीनर किंवा मऊ ब्रशने बाहेरून साफ करा, ओलं फडकं नको. रंगकामाच्या वेळी डबा उतरवून ठेवा. त्यावर रंगाचा हात फिरला तर तो गेला.

अलार्म लावून झाला की मी घरच्यांना आपापल्या खोलीत पाठवतो, दारं लावायला सांगतो, पंखे फुल्ल करतो आणि बटण दाबतो. ऐंशीच्या पुढच्या माणसांना पुष्कळदा तो ऐकूच येत नाही, कारण नेहमीच्या भोंग्याचा स्वर फार चिरका असतो आणि वयानुसार आधी तोच स्वर कानातून जातो. आईच्या बाबतीत आम्हाला हे असंच कळलं. अशा माणसाच्या खोलीतच अलार्म हवा, एक वाजला की सगळे वाजतील असा जोडलेला हवा, आणि मिळत असेल तर जाड, खालच्या स्वराचा.

वाजला तर

आवाज ओळखायला शिका. तीनदा वाजून थांबा, परत तीनदा: आग. चारदा वाजून थांबा, परत चारदा: सीओ. अर्ध्या किंवा एका मिनिटाने एकदाच टुक्क: बॅटरी संपत आली किंवा डब्याची मुदत संपली.

आग असेल तर वाकून, जमिनीलगत बाहेर पडा, दार मागे ओढून घ्या, लिफ्ट नको, मग १०१ किंवा ११२. पुण्यात माझी खरी काळजी ग्रिलची आणि सेफ्टी डोअरची आहे. खिडक्यांना लोखंडी पिंजरे, दाराला आतून कुलूप आणि किल्ली उशाखाली. किल्ली दाराजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगा, अंधारात चाचपून सापडते का ते बघा, आणि ग्रिलचा एक भाग उघडणारा करून घ्या.

सीओचा वाजला तर वाटेत असतील त्या खिडक्या उघडत, गिझर-शेगडी विझवता आली तर विझवत, सगळे बाहेर. माणसं मोजा. कुणाला गरगरत असेल तर १०८. थोडं बरं वाटलं म्हणून परत आत जाऊ नका. गॅसगळतीचा वाजला तर एकही बटण दाबायचं नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर जाऊन फोन करा. सिलिंडर असेल तर १९०६.

शेवटचं, मुदतीचं. धुराचा अलार्म १० वर्षांनी बदलायचा. सीओचा त्याआधी, ५, ७ किंवा १० वर्षांनी, पाठीवर लिहिलेलं असेल तसं. बटण दाबल्यावर वाजतो म्हणून मुदत वाढत नाही. मी लावताना मार्करने पुढूनच बदलायची तारीख लिहितो. दादाकडे पॅसेजमधल्या सीओच्या डब्यावर ती माझ्या पुतणीने लिहिली आहे: जानेवारी २०२७.